दोन पेडलांची गाडी

डोळे मिटा पाहू क्षणभर. मिटल्या डोळ्यांनी वाचायचं कसं, म्हणता? खरंच की! मग असं करा, डोळे उघडेच ठेवा आणि नुसतं मनानं चला.

दिवाळी नुकतीच होऊन गेलीय. सकाळी स्वेटर घालावासा वाटतो आणि दुपारी तो कुठं ठेवू असं होतं, ते दिवस. बुऱ्हाणपूरहून खकनारला जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि त्यांची फाटकी पानं वाऱ्यावर अशी सळसळताहेत, जणू कुणी नवं कोरं लुगडं नेसून घाईघाईनं चाललंय. पुढं चढ आहे. त्या चढावर एक जुनी, आकाशी रंगाची मोटार दिसली? ती चढतेय कमी आणि ओरडतेय जास्त. घूंऽऽ करत आवाज वाढतो, वाढतो, आता काहीतरी फुटणार असं वाटतं... आणि मग धप्प! पाठीत गुद्दा बसावा तसा हिसका देऊन ती पुढं सरकते.

त्या मोटारीत रश्मी होती. खकनारच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि त्या क्षणी विज्ञानावरचा विश्वास उडत चाललेली.

तिच्या मागं मोटारसायकलवर एक तरुण होता. मागच्या सीटवर त्यानं पाण्याचा पंप दोरीनं करकचून बांधला होता. बराच वेळ तो गपगुमान मागं राहिला. मग मात्र त्याला राहवेना. गाडी बरोबरीला आणून तो खिडकीकडं वाकला आणि ओरडला,

"ओ मॅडम! गिअर बदला ना! इंजिन रडू राह्यलंय!"

"बदलत नाही!" आतून उत्तर आलं.

"का? रुसला का?"

"त्यालाच विचारा!"

चढ संपल्यावर कडुनिंबाखाली रश्मीनं गाडी थांबवली. तोही थांबला. हेल्मेट काढून त्यानं खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"क्लच कुठंय?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? कोणी काढून नेला?"

रश्मीला रागावायचं होतं, पण ओठांनी ऐकलं नाही. "ऑटोमॅटिक आहे, भाऊ. दोनच पेडलं असतात. गिअर आपले आपण बदलतात. म्हणजे... बदलायचे. आता नखरे करतात."

खाली तेल गळतंय का ते पाहायला ती उतरली. आधी काठी बाहेर आली, मग उजवा पाय, मग चामडी पट्ट्यांच्या बुटातला डावा. लहानपणीच्या एका तापानं तो पाय बारीक केला होता, त्यात जोर नव्हता. पुढं काय होणार ते रश्मीला पाठ होतं. लोक आधी पायाकडं बघतात, मग तोंडाकडं, आणि मग त्यांचा आवाज एकदम मऊ होतो, आजाऱ्याशी बोलतात तसा. ती वाट बघत उभी राहिली.

त्यानं पायाकडं पाहिलं. मग गाडीतल्या दोन पेडलांकडं. पुन्हा पायाकडं... आणि अडलेलं गणित सुटलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा! म्हणजे डाव्या पायाचं काम हिनं करायचं! मग तर हिला रुसून चालायचंच नाही!"

आवाज मऊ झाला नव्हता. उलट चांगलाच मोठा झाला होता. झाडावरचा एक कावळा उडून गेला.

"नाव काय तुमचं, भाऊ?"

"लीलाधर. दापोऱ्याचा. पंप दुरुस्त करतो. आणि मॅडम... भाऊ सोडून काहीही म्हणा."

"लीलाधर? हे तर आजोबांचं नाव वाटतं."

"आजोबांचंच आहे. ते गेले, नाव राहिलं. वाया कशाला घालवायचं म्हणून मी वापरतो."

रश्मी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, त्यामुळं तिचं तिलाच जरा नवल वाटलं.

आता ही गाडी एवढी महत्त्वाची का, ते सांगायला हवं. ती रश्मीच्या वडिलांनी, आप्पांनी, शोधून आणली होती. तेव्हा अशा गाड्या सहज मिळत नसत. आप्पा कुठं कुठं फिरले, किती जणांना भेटले आणि एका संध्याकाळी ही आकाशी गाडी दारात उभी करून म्हणाले, "घे. हिला डावा पाय लागतच नाही." राजघाटाजवळच्या मोकळ्या जागेत त्यांनी तिला चालवायला शिकवलं. तेव्हापासून रश्मीला कुठं जायचं असलं की कुणाला विचारावं लागत नसे, आणि कुणाची वाट बघावी लागत नसे. गेल्या वर्षी आप्पा गेले. गाडी राहिली.

आणि आता गाडीही जायची वेळ आली होती. गॅरेजवाल्यानं एक फेरी मारून मान हलवली होती, "गिअरबॉक्स गेला. हिच्यात जीव नाही राहिला." रश्मीचा थोरला भाऊ निलेश, त्याचं कापडाचं दुकान, माणूस जिवाला जीव देणारा. त्यानं लगेच ठरवून टाकलं.

"रविवारी खंडव्याहून जुन्या गाड्या घेणारा येतोय. देऊन टाकू, रश्मे. खकनारची नोकरी पण सोड, इथंच घराजवळ एखादी शाळा बघू. आणि मी आहेच ना सोडायला!"

ते प्रेमच होतं. फक्त त्या प्रेमाची कडी बाहेरून होती.

कडुनिंबाखालच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शाळेला सुट्टी होती. दुपारी बुऱ्हाणपुरातल्या, प्रतापपुऱ्यातल्या घरासमोर मोटारसायकल थांबली. निलेशची मुलगी सायली ओट्यावर बसून अभ्यास केल्यासारखं करत होती. ती आत धावली.

"आत्या! एक काका आलेत. म्हणतात, गाडीला बघायला आलोय."

"पत्ता कसा मिळाला तुम्हाला?" रश्मीनं दारातूनच विचारलं. बोलता बोलता तिचा हात आपोआप केसांवरून फिरला, आणि तो का फिरला म्हणून तिनं तो लगेच खाली घेतला.

"आकाशी गाडीवाल्या मॅडम म्हटलं, की शनवारा चौकापासून कोणीही सांगतं." लीलाधरनं बाह्या सरसावल्या. "आधीच सांगतो, मला हिच्यातलं काही कळत नाही. पंप कळतो. पण पंप काय आणि हे काय, शेवटी आत काहीतरी फिरतंच असेल ना?"

"तेल फिरतं," रश्मी म्हणाली. सायलीही बॉनेटशी येऊन उभी राहिली होती. रश्मीनं तिला समजावं म्हणून सावकाश सांगितलं. "बाकीच्या गाड्यांत डाव्या पायानं क्लच दाबायचा, हातानं गिअर टाकायचा. हिच्यात एक लाल तेल असतं. त्याच्या दाबानं आतले गिअर धरले जातात, सोडले जातात. माझ्या डाव्या पायाचं काम ते तेल करतं."

"मग आधी तेलच बघू!" लीलाधरनं तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. "हे काय! खुणेच्या केवढं वर आहे. जास्त झालंय. काढतो थोडं."

"थांबा! इंजिन बंद आहे."

"मग? तेल बंद इंजिनावरच बघतात. आमच्या ट्रॅक्टरचं तसंच बघतो."

"ते इंजिनाचं तेल. हे गिअरबॉक्सचं. पट्टीवर लिहिलंय बघा."

लीलाधरनं पट्टी उन्हाकडं धरली, डोळे बारीक केले. "इतकं बारीक?"

"बारीक लिहिलेलंच वाचायचं असतं."

"मोठं लिहिलेलं वाचलं की मी पास व्हायचो, मॅडम. म्हणून तर पंप दुरुस्त करतो."

रश्मीनं सायलीकडून विटा आणवल्या आणि चाकांच्या पुढं-मागं लावून घेतल्या. तुम्हीही हे ध्यानात ठेवा हं. चालू गाडीपाशी काम करायचं तर आधी ती जागची हलणार नाही याची खात्री करायची. मग तिनं इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं. ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक घरातून सावकाश फिरवला आणि परत गाडी उभी करायच्या घरात आणून ठेवला. आता तेल सगळीकडं पसरलं होतं. लीलाधरनं पुन्हा पट्टी बुडवली.

तेल बरोब्बर खुणेवर होतं.

"आणि मी काढणार होतो!" त्यानं स्वतःचा कान धरला. "काढलं असतं तर?"

"तर तेल कमी पडून गिअरबॉक्स खरोखरच जळाला असता."

त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला आणि त्यावर एक थेंब टिपला. डाळिंबाच्या रसासारखा लाल, स्वच्छ. त्यानं वास घेतला, मग रुमाल तिच्यापुढं धरला. "जळका वास येतो का?"

रश्मी वाकली. तेलाचा वास होता, रुमालाला साबणाचा होता... जळका नव्हता.

"नाही."

"म्हणजे आतून सगळं धड आहे, मॅडम. जीव नाही म्हणणाऱ्यानं नाडीच नाही बघितली."

रश्मी चटकन दुसरीकडं वळली. डोळ्यांत काही आलं तर ते फाटकावरच्या बोगनवेलीनं पाहिलेलं बरं.

आईनं चहा आणला. रश्मीची आई चहाबरोबर नेहमी थोडे प्रश्नही आणत असे.

"दापोऱ्याचे का? कोणाचे?"

"मोतीलाल केळीवाल्यांचा धाकटा."

"अस्सं. लग्न झालं?"

"आई! ते गाडी बघायला आलेत."

"मी पण गाडीचंच विचारते," आई शांतपणे म्हणाली. "लग्न झालेलं असलं तर घरी वेळेवर जावं लागतं. गाडी अर्धवट राहते."

लीलाधरला चहाचा ठसका लागला. "नाही झालं, काकू. गाडी पूर्ण होईल."

सगळं किती छान चाललं होतं! आणि मग तो ते वाक्य बोलला. अगदी चांगल्या मनानं बोलला.

"आणि समजा नाहीच झाली दुरुस्त, तरी काळजी कशाला? मी खकनारला पंपांच्या कामाला जात असतोच. सोडत जाईन की तुम्हाला."

रश्मीनं कप खाली ठेवला. आवाज झाला नाही, पण सायलीनं पुस्तकातून मान वर केली.

"सोडायला माणसं आहेत मला," रश्मी म्हणाली. "बॉनेट लावून टाका, लीलाधरजी. झाली तेवढी मदत पुष्कळ झाली."

आपलं काय चुकलं ते त्याला कळलंच नाही. बॉनेट लावून, विटा जागेवर ठेवून तो फाटकाशी गेला. खिडकीशी उभ्या राहिलेल्या रश्मीला सायलीचा दबका आवाज ऐकू आला.

"काका, आत्याला 'सोडतो' म्हटलेलं नाही चालत. पपांवर पण अशीच चिडते."

त्यावर तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. बराच वेळ मोटारसायकल सुरू झाल्याचाही आवाज आला नाही.

शनिवारी रश्मीचं कशातच लक्ष लागेना. उद्या रविवार. शाळेत जाताना गाडी चढावर नेहमीसारखीच ओरडली आणि आज तिनं तिला ओरडू दिलं. घरी आल्यावर तिनं कपाटातून गाडीची कागदपत्रं काढली, पुन्हा आत ठेवली.

उन्हं कलायला लागली आणि फाटकापाशी खाकरल्याचा आवाज आला.

"आत येऊ का?"

रश्मी दारात येऊन उभी राहिली.

"गाडीला भेटायला आलोय. तुमचा राग राहू द्या तुमच्यापाशी. तो उतरवत बसलो तर दोन्ही कामं राहतील."

"या," ती म्हणाली. मग इलाज नसल्यासारखं दाखवून पुढं म्हणाली, "उन्हात कशाला उभे?"

"कालपासून व्हिडिओ बघू राह्यलोय. एक बंगाली, एक तमिळ, एक तर कुठला गोरा होता, माहीत नाही. बोलणं काही कळेना, पण बोटं कळत होती. तिघांचीही बोटं एकाच वायरकडं जात होती." त्यानं बॉनेट उघडलं. "ही बघा. रेसच्या पेडलापासून इंजिनाशी येते आणि इथून खाली गिअरबॉक्सकडं जाते. गिअरबॉक्सला काय डोळे आहेत? पाय किती दाबलाय, हे त्याला ही वायर सांगते."

रश्मीच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. "थांबा. पाय जोरात दाबलेला असेल, तर गाडीला ताकद हवीय असं त्याला वाटणार. मग तो वरचा गिअर लवकर टाकणार नाही. इंजिन ओरडत राहणार..."

"...आणि मग..."

"धप्प!" दोघं एकदमच म्हणाले, आणि एकमेकांकडं बघतच राहिले. आधी कुणी नजर काढून घेतली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इंजिन बंदच ठेवून रश्मी सीटवर जाऊन बसली. लीलाधर बॉनेटमागं दिसेनासा झाला. नुसता आवाज येत होता.

"दाबा."

"दाबलं."

"सोडा."

"सोडलं."

"सोडा ना."

"सोडलं म्हणतेय ना!"

"पुन्हा दाबा. आता सोडा... मॅडम, तुम्ही पाय उचलता. पण ही वायर सैलच होत नाही. तुम्ही थांबलात, तरी ही गिअरबॉक्सला सांगते, दाबतेय, अजून दाबतेय!" मग आवाज एकदम बदलला. "एक मिनिट... रुको, रुको. इथं काहीतरी आहे. काल मी हे बघितलं होतं! काळी पट्टी गुंडाळलेली दिसली, मला वाटलं कंपनीनंच बांधलीय."

रश्मी काठी टेकत पुढं आली. लीलाधरनं हत्यारांच्या पिशवीतल्या बाटलीतलं थोडं डिझेल रुमालाला लावून ती काळी पट्टी पुसली. काळ्याखालून लाल निघालं. लालाशेजारी पिवळं.

नाडाछडी. पूजेचा दोरा.

तो त्या बारीक वायरला आणि शेजारच्या लोखंडी पट्टीला मिळून बांधलेला होता. वायर बाजूला ओढली जाऊन ताणून राहिली होती. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. इतक्या गाठी मोठं माणूस कधी मारत नाही.

दसरा! रश्मीला सगळं आठवलं. बॉनेटवर स्वस्तिक, झेंडूची माळ, बॉनेट उघडून इंजिनाला लावलेलं हळदकुंकू. आईनं सगळ्यांच्या मनगटांना दोरा बांधला होता, स्टिअरिंगलाही बांधला होता. नारळ फुटला, सगळे प्रसादाला आत गेले, आणि उरलेला दोरा कुठं गेला ते कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी ती सोनं वाटायला गाडी घेऊन बाहेर पडली, तेव्हाच तर गाडी पहिल्यांदा ओरडली होती!

दोघांनी ओट्याकडं पाहिलं. पुस्तक उघडं होतं. सायली नव्हती.

ती गाडीतच सापडली, मागच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन बसलेली.

"सायू..." रश्मीनं दार उघडलं.

"मी मुद्दाम नाही केलं!" सायली हुंदक्यातून म्हणाली. "पपा म्हणाले होते, गाडी म्हातारी झाली, ही हिची शेवटची पूजा. आजी म्हणते, मनगटाला दोरा असला की काही होत नाही. पण गाडीचं मनगट कुठं असतं ते मला माहीत नव्हतं. तीच एक जागा बारीक होती... मनगटासारखी. आणि तेव्हापासूनच ती आजारी पडली. मला सांगायचं होतं, पण मग तुम्ही सगळे..."

रश्मीनं तिला जवळ ओढलं. लीलाधर दाराशी वाकला.

"सायली, जागा चुकली तुझी. पण गाठ मारावी तर तुझ्यासारखी! मी पंप बांधतो ना मोटारसायकलला, तो वाटेत दोनदा पडतो. शिकवशील मला?"

सायलीनं डोळे पुसले आणि हुंदका देत देतच मान हलवली.

"कापू का?" परत बॉनेटशी आल्यावर त्यानं विचारलं.

"नको. मनापासून बांधलाय तिनं. सोडवू."

मग दोघं वाकले. जागा इवलीशी होती, त्यात चार हात. एक गाठ सुटली की खाली दुसरी निघे. तिच्या बांगडीचा नाजूक आवाज होई, त्याच्या बोटांना डिझेलचा वास होता. मध्येच बोटांना बोटं लागली. दोघांनीही हात मागं घेतले... आणि दोघांनीही त्याच गाठीकडं पुन्हा नेले.

"काल मला कळलं नव्हतं," तो गाठीकडं बघतच म्हणाला.

"काय?"

"मला वाटलं, तुम्हाला खकनारला पोचायचंय. पोचवायला काय, कोणीही पोचवेल." एक गाठ सुटली. "पण तुम्हाला पोचायचं नाहीये. तुम्हाला जायचंय."

रश्मीचे हात थांबले. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिला घरात कुणालाच नीट सांगता आली नव्हती, आणि दापोऱ्याचा हा पंपवाला ती एका गाठीवर बोलून गेला होता.

"उरलेली गाठ तुम्ही सोडवा," ती हळूच म्हणाली. "मला आता नीट दिसत नाहीये."

दोरा निघाला. वायर टुणकन आपल्या जागी आली. लीलाधरनं तिला तेलाचा थेंब दिला आणि रश्मीनं पेडल दाबून-सोडून पाहिलं. दाबलं की ताण, सोडलं की सैल. सायलीनं तो मळका दोरा मागून घेतला आणि मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात दुकानातून निलेश आला. सगळी हकिकत ऐकली. लेकीकडं बघून आधी डोळे वटारले, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि सवयीनं किल्लीसाठी हात पुढं केला.

"दे, मी चालवून बघतो."

रश्मी तोवर स्टिअरिंगवर बसली होती. निलेशनं लीलाधरकडं पाहिलं. "मग तुम्ही तरी चालवा. पहिलीच फेरी आहे, रस्त्यात काही झालं तर?"

लीलाधर गाडीला वळसा घालून पलीकडं गेला, दार उघडलं आणि रश्मीच्या शेजारी बसला. सायली मागं चढली.

गाडी गल्लीतून निघाली. ओरडली नाही. नुसती निघाली. आरशात रश्मीला ओट्यावरचा निलेश दिसला. फोन कानाला लावून तो हातानं नाही-नाही करत होता. खंडव्याच्या माणसाला फोनमधून हात दिसत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नसावं.

शनवाऱ्यावर माव्याच्या जिलेबीचा वास होता, गर्दी होती. मग दुकानं विरळ झाली आणि केळीच्या बागा सुरू झाल्या. पानांवर संध्याकाळचं पिवळं ऊन टेकलं होतं.

"पहिला," रश्मी कुजबुजली. "आता दुसरा... कळलं?"

"नाही."

"नाही ना! कळायलाच नको असतं!" आणि ती इतकी मोकळी हसली, की लीलाधर रस्त्याकडं बघायचं विसरला. पण त्याला ते चालणारं होतं. गाडी तो चालवत नव्हता.

चढ आला. गाडी एक अक्षर न बोलता वर गेली. कडुनिंब मागं पडला.

"मॅडम..."

"रश्मी."

"रश्मी," त्यानं ते नाव जपून उच्चारलं, बारीक अक्षरात लिहिलेलं असावं तसं. "गाडी तर बरी झाली. आता मला यायला काही कारण नाही उरलं."

"आमच्याकडं पंप आहे."

"आहे? बिघडलाय?"

"नाही. चांगला चालतो."

"वाईट झालं," तो म्हणाला. मग समोरच्या रस्त्याकडं बघत पुढं बोलला. "मला सगळं चालवता येतं. मोटारसायकल, ट्रॅक्टर, काय म्हणाल ते. पण... मला ही शेजारची सीट आवडली. रोजची मिळाली तर..."

"रोजची? खकनारपर्यंत?"

"तिथपर्यंत. पुढं रस्ता असेल तर पुढं पण."

रश्मीनं गाडी हळू केली. लीलाधर सावरून बसला. कालच्यासारखं पुन्हा काहीतरी चुकीचं बोललो का? तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. फक्त तिच्या गालावर संध्याकाळचं ऊन होतं, की आणखी काही होतं...

"सीटबेल्ट लावा आधी," ती म्हणाली.

"लावलाय ना."

"नाही लावला."

त्यानं खाली पाहिलं. खरंच लावला नव्हता. निघायच्या घाईत तो विसरलाच होता. त्यानं पट्टा ओढला. खट्.

"लावला."

"आता बसा नीट," रश्मी म्हणाली. तिचा आवाज जरासा कापला, गाडी नाही कापली. "लांब जायचंय."

मागच्या सीटवर सायली हे सगळं ऐकत होती. सगळं कळलं नसेल तिला, पण कुणीतरी राहायला हवं आणि ते जाऊ नये, एवढं तिला नेमकं कळत होतं. तिनं मूठ उघडली. मळका, लाल-पिवळा दोरा सरळ केला. पुढं वाकून लीलाधरच्या खांद्यावरचा पट्टा बोटांनी चाचपला, आणि या वेळी मात्र आधी विचारलं,

"आत्या, इथं बांधला तर काही बिघडेल का?"

"इथं नाही बिघडणार," आत्या रस्त्याकडं बघत म्हणाली. "बांध."

आणि सायलीनं तो दोरा बांधला. गाठीवर गाठ मारून बांधला.